नेसणारे आणि हसणारे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून या महाराष्ट्रात राज्यकारभारापासून अध्यात्मापर्यंत कोणताही विषय व्याख्यात्यांनी सोडलेला नाही. त्या मानाने आमचा आजचा विषय फारच खालचा आहे, म्हणजे कमरेपासून खालचा आहे. आपण जे नेसतो त्यावर वाटेवरची अनोळखी माणसे काही बोलतात, त्यांना काय उत्तर द्यावे, एवढाच तो आहे. ऐकून हसू आले असेल तर हसून घ्या. हे हसणे हाच आमचा विषय आहे.

हा विषय मांडायला आगाशीसारखे दुसरे गाव नाही. येथून हाकेच्या अंतरावर अर्नाळा. तेथील कोळी बांधव एके काळी सुरका नेसून होड्या पाण्यात लोटीत. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभे राहून ज्याला काम करायचे आहे त्याला सुरक्याइतके सोयीचे वस्त्र नाही. आज बहुतेक ठिकाणी त्याची जागा अर्ध्या चड्डीने घेतली आहे आणि सुरका लग्नाच्या वरातीत व कोळीगीतांच्या रंगमंचावर गेला आहे. इकडे नंदाखाल, निर्मळ, आगाशी या पट्ट्यातील सामवेदी ख्रिस्ती समाजाच्या वडीलधाऱ्या बायका. त्यांचे ते लाल चौकड्यांचे लुगडे, मागे कासोटा, अंगात पोलके. सूर्य उगवायच्या आधी फुलांची टोपली घेऊन विरार स्थानक गाठणाऱ्या अशा आज्या तुम्ही सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांची संख्या वर्षागणिक घटते आहे. नाती सणाला, लग्नाला, छायाचित्रापुरते ते लुगडे हौसेने नेसतात; रोज नेसणारी म्हातारी गेली की घरातले रोजचे लुगडे पेटीत जाते.

का जाते? शिवलेला कपडा सोयीचा, धुवायला हलका, आणि लुगड्याला वेळ लागतो, ही कारणे खरीच आहेत आणि त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण त्यांच्या बरोबरीने एक कारण आहे ते कोणी मोठ्याने सांगत नाही. गाडीत कोणीतरी काहीतरी बोलते. एकदा बोलते, दहादा बोलते, आणि अकराव्यांदा सून म्हणते, ‘आई, बाहेर जाताना साडीच नेसा ना.’

आम्ही स्वतः धोतर नेसतो आणि विरारच्या लोकलने प्रवास करतो. तेव्हा या शास्त्राचा थोडा अभ्यास आमच्या पदरी, किंवा सोग्यात म्हणा, जमा आहे. ‘काका, लग्नाला का?’ हा सर्वांत सौम्य प्रकार. ‘भटजी, आमचा मुहूर्त काढा,’ हा दुसरा. ‘शूटिंग कुठे आहे?’ हा अलीकडचा. आणि ‘हे सुटत नाही का हो?’ हा सनातन, जातपात न पाहता सर्व धोतरवाल्यांना समान लागू. गंमत अशी की हा प्रश्न सातासमुद्रांपलीकडेही याच स्वरूपात आहे. स्कॉटलंडमधील माणूस आपला किल्ट नेसून रस्त्यात निघाला की त्याला हमखास विचारतात, आत काय आहे? मनुष्यजातीचे कुतूहल सगळीकडे एकाच उंचीवर अडकलेले दिसते.

किल्टचा विषय निघाला आहे तर जरा थांबू. कंपनी सरकारच्या काळात हायलँडर पलटणी हिंदुस्थानात आल्या, तेव्हा गुडघे उघडे टाकून चालणारे ते धिप्पाड गोरे शिपाई पाहून आपल्या लोकांनी त्यांना नाव दिले ‘घागरा पलटण’. म्हणजे शेरे मारण्याच्या कलेत आम्ही कोणास हार जाणारे नाही. पण त्या घागऱ्यामागे एक कथा आहे, ती आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हती. हायलँडमधील बंड मोडल्यावर इंग्रजांच्या पार्लमेंटने १७४६ साली कायदा केला, की तेथील पुरुषांनी किल्ट व त्या जातीचा पोशाख घालता कामा नये. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने तुरुंग, दुसऱ्यास सात वर्षे काळे पाणी. सूट होती ती फक्त सरकारी पलटणींना! हा कायदा १७८२ पर्यंत टिकला. आणि त्याच्या दहाच वर्षे आधी, १७३६ साली, गोव्यात इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयांच्या कितीतरी जुन्या चालींवर बंदी घातली. त्यांत पुरुषांचे धोतर आणि बायकांची चोळीही होती. त्या वेळी वसईवर पोर्तुगीजांचेच राज्य होते. चिमाजी अप्पांनी ते संपवले १७३९ मध्ये. इतक्या घडामोडी झाल्या, धर्म बदलला, राजे बदलले, तरी या पट्ट्यातल्या बायकांनी लुगडे सोडले नाही. फर्मानांना जे पुरून उरले ते आता लोकलच्या डब्यातल्या खिदळण्याने चालले आहे. आम्हांस याचे फार वाटते. बंदीशी माणूस भांडू शकतो. हसण्याशी भांडायला गेले तर ते आणखी वाढते.

मग करावे काय? येथे आम्ही तुम्हांला एका सतरा वर्षांच्या मुलीकडे घेऊन जाणार आहोत. कल्याणची आनंदीबाई जोशी. डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेस जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने इंग्रजीतून एक भाषण केले. आपण का जातो आहोत, एकटी का जातो आहोत, हे लोकांच्या तोंडावर सांगण्यासाठी केलेले ते भाषण. त्यात तिने मुंबईची हकिगत सांगितली आहे. हातात पुस्तके घेऊन ती शाळेत जायची तेव्हा लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढीत, कोणी गाडी थांबवून पाहत, आणि रस्त्यातले लोक तिला ऐकू जाईल अशा बेताने हसत व विचारीत की पायांत बूट आणि मोजे घालून शाळेत चाललेली ही कोण बाई? पाहा, तक्रार शाळेविषयी असेल, पण बोट दाखवले ते बुटांकडे. वाटेवरचा माणूस नेहमी असेच करतो. त्याला खुपत असते एक आणि तो बोलतो कपड्यावर.

पण आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्या सांगण्याची रीत. तिने त्या लोकांना शिव्या दिल्या नाहीत, रडगाणे गायले नाही. लोकांनी आपल्याला पाहण्याची तसदी घेतली, अशा थाटात, थोड्या मिस्कील नम्रतेने तिने ते सांगून टाकले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली. रस्त्यावर तिने उत्तर दिले नाही. उत्तर दिले ते सभेत, जेथे तिला पूर्ण वाक्य बोलता येत होते. पुढे फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयात १८८५ साली काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन परदेशी विद्यार्थिनी त्यात आहेत : आनंदीबाई लुगड्यात, जपानची केई ओकामी किमोनोत आणि सीरियाची साबात इस्लामबुली आपल्या देशाच्या पोशाखात. बूट घातले म्हणून मुंबईत हसले गेलेली मुलगी अमेरिकेत लुगडे नेसून छायाचित्राला बसते. ती हट्टी नव्हती, बंडखोरीचे तिला वेड नव्हते. कोठे काय घालायचे ते ती ठरवीत होती, एवढेच.

कोणी म्हणेल, म्हणजे जुना वेश टिकवा हाच तुमचा उपदेश ना? नव्हे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना सांगितले, की गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची रीत सोडा, वरच्या वर्गातील बायकांसारखे अंगभर नेसा, ते गळाभर दागिने टाकून द्या. का, तर त्या वेशावरून माणसाची पायरी ओळखली जात होती आणि ती पायरीच मोडायची होती. तेथे जुना वेश टाकणे हाच स्वाभिमान होता. आणि १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तिला जोतीराव फुले जरीच्या अंगरख्यांच्या गर्दीत मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि इंग्रजीत भाषण करून हिंदुस्थानातला खरा माणूस असा दिसतो हे पाहुण्यास ऐकवून आले. तेथे तोच गरिबाचा वेश चढवणे हा स्वाभिमान होता. दोघांचे करणे उलट दिसते, पण दोन्हीकडे ठरवणारा नेसणाराच होता. दारातला द्वारपाल नव्हे, की फलाटावरचा टवाळ नव्हे.

आता थोडे व्यवहाराचे. प्रथम, जे नेसायचे ते घट्ट नेसा! हे आम्ही थट्टेने सांगत नाही. कोणी बोलताच ज्याचा हात घाबरून कमरेकडे जातो त्याची अर्धी लढाई तेथेच गेली. गर्दीच्या वेळी सोगा कमरेला खोचावा, निऱ्या दोन बोटे वर घ्याव्यात, आणि मग ‘सुटत नाही का?’ याला ‘चाळीस वर्षांत सुटले नाही’ एवढे म्हटले तरी पुरते. उत्तर एका वाक्याचे असावे. भारतीय संस्कृतीवर प्रवचन सुरू केले की विचारणारा पुढच्या स्थानकावर डबा बदलतो आणि पुन्हा कधी कोणाला विचारीत नाही. हे नुकसान आहे, कारण विचारणाऱ्यांतले पुष्कळ खरोखरच उत्सुक असतात. लहान मुलाने विचारले तर मात्र सगळे सांगावे, किती वार, कासोटा कसा घालतात, सारे. आम्ही एकदा नायगाव ते बोरिवली हेच सांगत गेलो.

आणि उत्सुक कोण, टवाळ कोण, हे कसे ओळखावे? उत्सुक माणूस तुमच्याकडे पाहून विचारतो. टवाळ आपल्या मित्रांकडे पाहून विचारतो. त्याला उत्तर नको असते, प्रेक्षक हवे असतात. तेव्हा त्याला प्रेक्षक मिळू न देणे हेच उत्तर. तरी कधी एखादे उत्तर असे निसटते की ते लपवून ठेवणे पाप होईल. लाल लुगड्यातल्या एका फूलवाल्या आजींना फलाटावर एका पोराने विचारले, ‘आजी, कुठल्या नाटकात काम करता?’ आजी टोपली सावरीत म्हणाल्या, ‘नाटक तुझं चाललंय, बाळा. मी फुलं विकायला निघालेय.’

मोबाइलचा उपद्रव हा नवा आहे. न विचारता छायाचित्र काढणे हा न बोलता मारलेला शेराच होय. ‘आधी विचार, मग काढ’ असे सरळ म्हणावे आणि तोंड फिरवावे. आणि बोलणे थट्टेच्या पलीकडे गेले, स्त्रीच्या अब्रूला हात घालू लागले, तर तेथे विनोदबुद्धी वापरण्याची काही जरूर नाही. २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७९ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि गाडीत १३९ हा क्रमांक त्यासाठीही आहे. वेशावरून दार बंद करणाऱ्या संस्थांची गोष्टही तशीच. २०१४ साली चेन्नईत उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसले म्हणून क्रिकेट संघटनेच्या क्लबात प्रवेश नाकारला. तमिळनाडूने त्याच वर्षी कायदा करून अशी बंदी बेकायदा ठरवली. दारावरचा नियम असा कायद्याने मोडता येतो. डब्यातल्या हसण्याला कायदा पुरत नाही.

तेथे पुरतो तो शेजारी बसलेला तिसरा माणूस. एवढा वेळ आम्ही नेसणाऱ्याशी आणि हसणाऱ्याशी बोललो. पण डब्यात सर्वांत अधिक असतात ते ऐकणारे. वर्तमानपत्रात तोंड खुपसून आपण काही ऐकलेच नाही असे दाखवणारे. त्यांनी भांडायला नको. एकदा दोन तरुण एका म्हाताऱ्या कोळ्याच्या सुरक्यावरून काही बोलत होते, तेव्हा समोरच्या बाकावरच्या एका कारकुनासारख्या दिसणाऱ्या गृहस्थाने त्या तरुणांकडे पाहिलेसुद्धा नाही. तो कोळ्याकडे वळला आणि विचारले, ‘काका, यंदा बोंबील कसा आहे?’ भाईंदर येईपर्यंत दोघे बोंबलाच्या भावावर बोलत होते. ते तरुण केव्हा गप्प झाले ते आमच्याही ध्यानात आले नाही.