शस्त्रक्रियेतील भूल आणि कर्करोग



'गाठीला सुरी लागली की कॅन्सर पसरतो,' ही समजूत आपल्या समाजात अजून घट्ट आहे. तिच्यापायी अनेक भगिनी स्तनातील गाठ घरच्यांपासून लपवतात आणि आजार बळावल्यावर रुग्णालयाची पायरी चढतात. म्हणूनच या प्रश्नावर विज्ञानाने काय तपासले आहे, ते आज आपणापुढे ठेवतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जाते तेव्हा तिच्यातील काही पेशी रक्तात जाऊ शकतात, हे शास्त्रज्ञांनाही मान्य आहे. अशा पेशी नष्ट करण्याचे काम शरीरातील संरक्षक पेशी करतात. परंतु शस्त्रक्रियेच्या ताणाने त्या काही काळ दुर्बल होतात. भुलीचे काही वायू आणि अफूवर्गीय वेदनाशामकेही त्यांना दुर्बल करतात, असे प्रयोगशाळेत दिसले. मग प्रश्न आला, की भुलीची पद्धत बदलली तर कर्करोग परत येण्याचे प्रमाण घटेल काय?

तर्क पटण्यासारखा होता. जुन्या नोंदी चाळून केलेल्या काही अभ्यासांनी त्याला दुजोराही दिला. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून आठ देशांतील तेरा रुग्णालयांत स्तनाच्या कर्करोगाच्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला पाठीच्या कण्याजवळ बधिरतेचे इंजेक्शन व शिरेतून प्रोपोफॉल, तर दुसऱ्याला सेव्होफ्लुरेन वायू व अफूवर्गीय औषधे दिली. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत कर्करोग परत येण्याचे प्रमाण सुमारे १० टक्केच होते. आशा फोल ठरली. पण वायूची भूल घेतली म्हणून स्तनाचा कर्करोग उलटतो, ही भीतीही निराधार ठरली.

दुसरी चाचणी आपल्या देशातली आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ पासून भारतातील अकरा केंद्रांत ती केली. त्यांनी भूल बदलली नाही. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी वापरतात ते लिडोकेन एका गटातील स्त्रियांना गाठीच्या सभोवार टोचले, सात ते दहा मिनिटे थांबले आणि मग गाठ काढली. दुसऱ्या गटाला हे इंजेक्शन नव्हते. २०२३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्या गटातील ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या. दुसऱ्या गटातील ८६.४ टक्के. म्हणजे शंभर स्त्रियांमागे जवळजवळ चार अधिक जीव वाचले, तेही अगदी स्वल्प खर्चाच्या औषधाने.

विद्यार्थी मित्रांनो, येथे सावधपणाही हवा. कोणाला इंजेक्शन दिले हे या चाचणीत शल्यविशारदांना ठाऊक होते. शिवाय ही चाचणी सुरुवातीच्या अवस्थेतील स्तनाच्या कर्करोगापुरती, थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रियांची होती. तिचा निष्कर्ष इतर कर्करोगांना सरसकट लावता येणार नाही. पहिल्या चाचणीत सुंदर तर्क हरला, दुसऱ्या चाचणीत साधा उपाय टिकला. कोणी कितीही मोठा माणूस सांगो, तपासल्यावाचून मानू नये, हाच धडा यातून घ्यावा.

भगिनींनो, आपल्यासाठी सांगणे थोडके आहे. गाठ लागली तर लाजू नका, लवकर दाखवा. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना आपले जुने आजार, चालू औषधे आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी असल्यास ती सांगा. 'गाठीभोवती लिडोकेन देणार काय?' असे शल्यविशारदांना जरूर विचारा. उत्तर काहीही मिळो, त्यासाठी शस्त्रक्रिया लांबवू नका. सुरीच्या भीतीने शरीरात ठेवलेली गाठ मात्र वाढत जाते आणि पसरते.