वादळाची वर्दी



‘सायक्लोन’ हा शब्द इंग्रजीला कलकत्त्याने दिला. जहाजांच्या रोजनिशा चाळून हेन्री पिडिंग्टन यांनी आपल्या समुद्रांतील वादळांचा अभ्यास केला आणि सर्पाच्या वेटोळ्याच्या अर्थाचा ग्रीक शब्द आधाराला घेऊन १८४८ च्या आपल्या ग्रंथात हे नाव रूढ केले. अटलांटिकमध्ये याच वादळाला हरिकेन म्हणतात. उपग्रह नव्हते तेव्हा त्याचा माग कसा काढत आणि लोकांना वर्दी कशी पोचे, हे टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बेटावरील एका नगराच्या इतिहासात उत्तम पाहावयास मिळते.

त्या विद्येचे आद्यपीठ मात्र क्यूबात होते. हॅव्हानाच्या बेलेन महाविद्यालयातील वेधशाळेत १८७० पासून फादर बेनितो विन्येस हे जेझुइट धर्मगुरू वायुभारमापकाच्या नोंदी ठेवीत आणि आकाश न्याहाळीत. पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग वादळाच्या केंद्रापासून दूरवर पसरतात. त्यांच्या गतीवरून केंद्राची दिशा ताडता येते, हे त्यांनी जाणले. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांतून वादळाची पूर्वसूचना दिली. पुढे शेजारच्या बेटांवरून तारेने येणाऱ्या वार्तांची त्यास जोड मिळाली. १८९३ मध्ये ते निवर्तले. परंतु त्यांची परंपरा टिकून राहिली.

१९०० साली क्यूबा अमेरिकेच्या ताब्यात होता. अमेरिकी हवामान खात्याचे प्रमुख विलिस मूर यांना क्यूबन निरीक्षकांची भाकिते अनावश्यक भीती पसरविणारी वाटत. त्या भाकितांच्या तारा ऐन वादळी हंगामात बंद करण्यात आल्या. सप्टेंबरच्या आरंभी एक वादळ क्यूबा ओलांडून गेले. ते फ्लोरिडाकडे वळेल, असे वॉशिंग्टनचे अनुमान होते. प्रत्यक्षात ते आखातात शिरून टेक्सासकडे निघाले. जहाजांवर तेव्हा बिनतारी यंत्र नव्हते. खलाशांनी पाहिलेले वादळ बंदर गाठेपर्यंत त्यांच्यापाशीच राही.

गॅल्व्हेस्टनचा अत्युच्च भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ फूट उंच होता. तेथील हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये लेख लिहून या नगरास वादळाचे मोठे भय नाही, असा निर्वाळा दिला होता. ७ सप्टेंबरला इशाऱ्याचा झेंडा चढला. ८ तारखेस आपण घोडागाडीतून किनाऱ्यावर फिरून लोकांस सावध केले, असे क्लाइन यांनी पुढे लिहून ठेवले. पण तोवर बेट सोडण्याची वाट बंद होत आली होती. त्या रात्री किमान सहा हजार माणसे बुडाली. मृतांत क्लाइन यांची पत्नीही होती.

जुलै १९४३ मध्ये गॅल्व्हेस्टनवर पुन्हा वादळ आले. तोवर जहाजांवर बिनतारी यंत्रे आली होती. परंतु जर्मन पाणबुड्यांच्या धास्तीने ती मुकी ठेवलेली होती. हवामानाच्या वार्तांवरही युद्धकालीन नियंत्रण होते. वादळाची सूचना लोकांपर्यंत धड पोचली नाही आणि १९ जण दगावले. याच वादळात २७ जुलैला जोसेफ डकवर्थ या सैनिकी वैमानिकाने प्रशिक्षणाचे एकइंजिनी विमान थेट केंद्रात नेऊन सुखरूप परत आणले. वादळात विमान घालून त्याचे मोजमाप घेता येते, याची खात्री पटली आणि लवकरच अशी उड्डाणे नित्याची झाली.

सप्टेंबर १९६१ मध्ये ‘कार्ला’ वादळ टेक्सासकडे निघाले, तेव्हा गॅल्व्हेस्टनच्या हवामान कार्यालयात रडार होते. डॅन रादर या तरुण वार्ताहराने रडारच्या पडद्यावरील वादळाचे चित्र दूरचित्रवाणीवर दाखविले आणि त्यावर टेक्सासचा पारदर्शक नकाशा ठेवला. वादळाचा अगडबंब विस्तार लोकांनी घरबसल्या पाहिला. लाखो लोकांनी किनारा सोडला. मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली.

आपल्या देशातही हाच अनुभव आला. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलविले गेले होते, निवारे उभे होते. मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. १९०० मध्ये हॅव्हानात ज्ञान होते, ते अहंकाराने अडविले. १९४३ मध्ये यंत्रे होती, ती युद्धाने मुकी केली. वादळाचा माग काढणे हे शास्त्रज्ञांचे काम खरे. पण ती वर्दी किनाऱ्यावरच्या शेवटच्या झोपडीपर्यंत वेळेवर जाणे आणि तेथील माणसाने तिच्यावर विश्वास ठेवणे, यावरच अखेर माणसांचे प्राण अवलंबून असतात.