आष्टी ते मुंबई



मुंबई किती लांब, असे गावात विचारले तर कोणी म्हणतो, एका रात्रीची वाट. कोणी तिकिटाचे पैसे सांगतो. हिंडून आलेला माणूस सांगतो, परतूरपासून रुळाने सुमारे ४८० किलोमीटर. तिघांचेही खरे. पण ज्याच्या घरात दुखणे आहे, त्याला या तिन्हींचा मेळ घालावा लागतो.

आपल्या आष्टीला रेल्वे नाही. आधी परतूर गाठायचे. तिथला रूळ १९०० च्या सुमारास, निजामाच्या राज्यात पडला. तो सिकंदराबादहून मनमाडला जातो. तेव्हा राजधानी हैदराबाद होती. निझामाबादवरून गेले तर रुळाने ते आजही मुंबईपेक्षा जवळच पडते! १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपली तोंडे पश्चिमेला वळली. रूळ मात्र अरुंद. मनमाडला उतरायचे, बोचकी डोक्यावर घ्यायची, दुसरी गाडी धरायची. १९९० नंतरच्या दहा वर्षांत रूळ रुंद झाला, तेव्हा ती दगदग संपली.

आता उरली ती घड्याळाची अडचण. हिच्यापायी शहाणी माणसेही फसतात, म्हणून नीट ऐका.

सूर्य उगवला की दिवस बदलला, ही आपली रीत. रेल्वेचा दिवस रात्री १२ वाजता बदलतो. समजा, तिकिटावर १५ तारीख आहे आणि वेळ छापली आहे ००:२५. म्हणजे मध्यरात्र होऊन २५ मिनिटे. मग घरातून केव्हा निघायचे? १४ तारखेला, दिवसाउजेडी. १५ तारखेला जेवूनखाऊन रात्री ठेसनावर गेलात, तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. पैसे बुडतात ते बुडतातच. पण परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीची तारीख मिळालेली असेल, तर तीही जाते. दुखणे काही तारखेसाठी थांबत नाही.

दुपारी १२ नंतरचा आकडा वाचायला सोपा आहे. त्यातून १२ वजा करा. २१:१० म्हणजे रात्रीचे ९ वाजून १० मिनिटे.

आणखी एक. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना रेल्वेच्या स्लीपर डब्यात भाडे माफ असते, सोबत्यालाही सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो मागून घ्या. लाजू नका, ही काही भीक नव्हे. एस.टी.त बायांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, हेही ध्यानात असू द्या.

आणि मुंबईच कशाला, हे आधी डॉक्टरांना विचारावे असे आम्हांस वाटते. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. ते मुंबईच्या निम्म्याहून कमी वाटेवर आहे. तिथे जमण्याजोगे असेल, तर आजारी माणसाला एवढा लांबचा प्रवास का घडवावा?

आपल्यापैकी कोणाच्या घरी जुने रेल्वेचे तिकीट असेल, तर ते उद्या वर्गाला घेऊन या. त्यावरची तारीख आणि वेळ फळ्यावर लिहू, आणि घरून कधी निघायला हवे होते ते एकेकाने सांगायचे.