शिट्टी कोणाच्या हातात?

(भिवंडीतील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, बाहेर मागांचा खडखडाट चालू आहे, म्हणून जरा मोठ्यानं बोलते.

आज नाशिकच्या शैलजा जैन यांच्याविषयी सांगायचंय. वर्षानुवर्षं त्यांनी नाशिकच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवली. भारताच्या महिला संघाचं प्रशिक्षकपद मिळावं ही त्यांची इच्छा होती. ते मिळालं नाही, आणि ही खंत त्यांनी उघड बोलून दाखवली. मग इराणकडून विचारणा झाली. साठीच्या आसपासची ही बाई तिकडे गेली. फारसी शिकली, मुलींकडून योगासनं आणि प्राणायाम करून घेऊ लागली. चढाई एका दमात करायची असते. दम तुटला की खेळ संपला. तेव्हा श्वासावर मेहनत घेणं हे काही फॅड नव्हतं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये जकार्ताला आशियाई स्पर्धेची अंतिम लढत झाली. २०१० आणि २०१४ चं सुवर्णपदक आपल्या मुलींचं. मध्यंतराला आपणच पुढे होतो. शेवटी इराण २७, भारत २४.

खरं सांगते, त्या दिवशी मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला. "आपल्याच देशाला हरवलं," असं म्हणणारे पुष्कळ भेटले. पण ज्या बाईला आपलं कसब दाखवायला इराण गाठावं लागतं, तिला इथे खुर्ची का मिळाली नाही, हे विचारणारे थोडेच. खेळायला मुली चालतात. शिट्टी, निवड, संघाची यादी हे सगळं मात्र बहुतेक पुरुषांच्या हातात. मुलीचं लग्न झालं की तिचा खेळ संपला असं धरून चालतात. माझा तर दहावीलाच संपला होता, तो भाग वेगळा!

आणि एक. भिवंडीत मला नेहमी ऐकवतात, "आमच्या पोरी बुरख्यातल्या, त्या काय खेळणार?" इराणच्या मुली डोकं झाकून, पूर्ण बाह्यांत खेळल्या आणि जिंकल्या. तिथे ती सक्ती आहे. ती मला मुळीच मान्य नाही, तिच्याविरुद्ध तिथल्या बायका जिवावर उदार होऊन लढल्यात. पण कपड्याचं कारण पुढे करणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: तुमच्या मोहल्ल्यात मुलींना मैदान कुठे आहे? संध्याकाळी जी मोकळी जागा असते, तिथे क्रिकेट खेळणारे मुलगेच का दिसतात? घरी धागे कापायचं काम पडलं की आधी कुणाला बसवता, मुलाला की मुलीला?

तुमच्यात शाळेत कबड्डी खेळलेल्या किती आहेत? हात वर करा. लाजू नका... बघा, अकरा! चहा झाला की या अकराजणींनी थांबा. शाळेचं मैदान रविवारी मागायचा अर्ज लिहायचाय, आणि मुलींना शिकवणार कोण, ते नाव त्यावर आजच घालायचंय.