चॅनल काढायचंय? मग आधी हिशोब ऐका

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत आपल्या सोसायटीतील एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या बी विंगमध्ये राहतात, शिवणकाम करतात आणि त्याच विषयाचे यूट्यूब चॅनल चालवतात.)



सेक्रेटरी काका मला म्हणाले, "तुमच्या त्या यूट्यूबवर बोला, पंधरा मिनिटं." मी म्हटलं, काका, मला फोनसमोर बोलायची सवय आहे, माणसांसमोर नाही. फोन जांभया देत नाही. पण तुम्ही सगळी घरचीच माणसं आहात, तेव्हा सांभाळून घ्या.

आज हा विषय घ्यायला एक कारण घडलं. मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये आपल्यातल्याच एक ताई भेटल्या. त्यांचा मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणतोय, कॅम्पसला बसणार नाही, चॅनल काढणार. ताई म्हणाल्या, "तूच समजाव गं त्याला, तुझं ऐकेल." त्याच आठवड्यात तो मुलगा स्वतः माझ्याकडे आला आणि त्याने विचारलं, "काकू, पहिला पैसा कधी आला?" दोघांना मी एकच उत्तर दिलं, गणपतीत सांगते. दोघंही आज इथे आहेत. नावं घेत नाही.

आपल्या सोसायटीला 25 वर्षं झाली. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ आला 23 एप्रिल 2005 रोजी, तोही फक्त 19 सेकंदांचा. म्हणजे आपली सोसायटी यूट्यूबपेक्षा वयाने मोठी आहे! पण मराठी बाई घरात बसून व्हिडिओ बघायला लागली ती मुख्यतः 2016 नंतर, मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्यावर. मी सुरू केलं 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. लग्नं बंद, ब्लाऊज बंद, फॉल-पिकोसुद्धा बंद. मशीनवर कापड झाकून ठेवलं होतं. मुलीने फोन पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला आणि म्हणाली, "आई, तू शिकव."

पहिले 22 व्हिडिओ मी केले, "साधा ब्लाऊज कसा शिवावा – भाग 1, भाग 2" असे. बघायला कोणी नाही. जे थोडे व्ह्यूज यायचे, त्यातले निम्मे माझ्या बहिणीचे. मग एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. त्या घरीच शिवायला लागल्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, माझ्या ब्लाऊजला मुंढ्यात चुण्या का पडतात?" मी फोनवर सांगितलं, की पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त आत कापावा लागतो, तुम्ही दोन्ही सारखे कापताय. फोन ठेवला आणि तेच कापडावर करून दाखवलं, सहा मिनिटांत. नाव दिलं, "ब्लाऊजच्या मुंढ्यात चुण्या का पडतात?" माझं चॅनल चाललं ते त्या व्हिडिओपासून.

त्यातून मी शिकले ते असं. लोक आपल्याला बघायला येत नाहीत, ते स्वतःची अडचण घेऊन येतात. ती अडचण ते ज्या शब्दांत विचारतात, तेच शब्द व्हिडिओच्या नावात हवेत. तेव्हापासून मी एक वही ठेवली. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्यात लिहायचं. गळा का उतरतो, अस्तर का आखडतं, कटोरीला टोक का येतं. एक प्रश्न, एक व्हिडिओ.

दुसरी गोष्ट आवाजाची. चित्र थोडं अंधुक असलं तर लोक बघतात, पण आवाज नीट नसला की निघून जातात. मी पंखा बंद करते, कुकर लावत नाही आणि कॉलरला लावायचा साधा माइक वापरते. मोठा कॅमेरा आजही माझ्याकडे नाही.

तिसरी गोष्ट आलेखाची. लोक व्हिडिओ कुठे सोडून जातात ते यूट्यूब आपल्याला आलेख काढून दाखवतं. माझा आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटात कड्यावरून खाली पडावा तसा पडायचा. का? तर मी तेवढा वेळ "नमस्कार मैत्रिणींनो, आपल्या चॅनलवर मनापासून स्वागत, बेल दाबा, लाइक करा" यातच घालवत होते. आता आधी बिघडलेला ब्लाऊज दाखवते, मग नमस्कार करते.

आता पैसे. सगळ्यांचे कान आत्ता टवकारले, मला इथून दिसतंय.

जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला दोन अटी आहेत. 1000 सबस्क्रायबर हवेत आणि मागच्या 12 महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ 4000 तास पाहिलेले हवेत. नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज हवेत. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या 4000 तासांत धरत नाहीत, हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं. 500 सबस्क्रायबरवरही एक पायरी आहे, पण त्यात प्रेक्षकांनी स्वखुशीने दिलेले पैसे मिळतात, जाहिरातीचे नाहीत.

4000 तास म्हणजे किती, ते गणित मांडते. 4000 तास म्हणजे 2 लाख 40 हजार मिनिटं. माझा व्हिडिओ सहा मिनिटांचा. समजा माणूस सरासरी तीन मिनिटं बघतो, तर 80 हजार वेळा तो बघितला गेला पाहिजे. मग कुठे दार उघडतं. दार उघडतं म्हणते मी, पैसे नव्हेत.

दार उघडलं की जाहिरातीच्या उत्पन्नातले 55 टक्के आपले, 45 टक्के यूट्यूबचे. शॉर्ट्सचा हिशोब वेगळा, तिथे आपला वाटा 45 टक्के. "एक लाख व्ह्यूजचे किती?" असं मला सारखं विचारतात. ठरलेला भाव नाही. बघणारा कुठल्या देशात आहे, विषय कोणता, महिना कोणता, यावर ते बदलतं. माझा तोच व्हिडिओ न्यू जर्सीतल्या मराठी बाईने बघितला तर जास्त मिळतात, डोंबिवलीतल्या बाईने बघितला तर कमी. दिवाळीच्या आधी जाहिराती जोरात असतात, जानेवारीत थंड.

शिवाय खात्यात 100 डॉलर जमेपर्यंत पैसे निघत नाहीत. त्याआधी 10 डॉलर झाले की पत्ता खरा आहे का ते पाहायला एक पिन पोस्टाने येतो, साध्या टपालाने. मी पत्त्यात विंगच लिहिली नव्हती. माझं पाकीट ए विंगच्या लेटरबॉक्समध्ये, विजेच्या बिलांमागे तीन आठवडे पडून होतं. वॉचमनदादांनी आणून दिलं, त्यांचे आजही आभार. जाहिराती सुरू झाल्यापासून पहिले 100 डॉलर जमायला मला सात महिने लागले. बाळा, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चॅनल काढल्यापासून मोजलेस तर दोन वर्षांच्या वर.

कागदपत्रांचंही सांगते, कारण इथे लोक फसतात. अमेरिकेच्या कराचा एक फॉर्म खात्यातच भरायचा असतो, त्यात आपला पॅन द्यायचा. तो भरला की भारत-अमेरिका करारानुसार फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर 15 टक्के कापतात. नाही भरला तर सगळ्या कमाईतून 24 टक्के जाऊ शकतात. इथे ते उत्पन्न आयकरात दाखवायचंच. एखाद्या कंपनीने वस्तू फुकट दिली आणि आपण ती ठेवून घेतली, तर तेही उत्पन्नच. एका कंपनीकडून वर्षात 20,000 रुपयांच्या वर गेलं तर 10 टक्के टीडीएस आहे. आणि पैसे किंवा वस्तू घेऊन एखाद्या मशीनचं कौतुक करत असाल, तर तसं व्हिडिओत स्पष्ट सांगावं लागतं. जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने त्याची मार्गदर्शक सूचना काढली आहे.

आता खरा हिशोब. चॅनलमुळे गेल्या वर्षी आमच्या घरात जे आलं, त्यातल्या दर दहा रुपयांत तीन रुपये जाहिरातीचे. उरलेले सात ऑनलाइन शिवणवर्गाचे, कागदी कटिंगचे आणि व्हिडिओ बघून आलेल्या ऑर्डरींचे. म्हणून मी म्हणते, चॅनल ही दुकानाची पाटी आहे, गल्ला नव्हे. पाटीखाली विकायला काहीतरी हवं. तुमच्या हातात कला हवी, नाहीतर विद्या तरी.

ती पाटीसुद्धा दुसऱ्याच्या भिंतीवर आहे, हे विसरू नका. इथे आपण सभासद आहोत, सर्वसाधारण सभेत उठून बोलू शकतो. तिथे आपण भाडेकरू. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांतल्या किती मुलांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. नगर जिल्ह्यातल्या एका आजींचं "आपली आजी" हे पाककृतींचं चॅनल तुम्ही बघितलं असेल. सत्तरीच्या आजी, नातू व्हिडिओ काढायचा. लोक भरभरून बघायला लागले, आणि तेवढ्यात ते चॅनल हॅक झालं. सुदैवाने परत मिळालं. म्हणून फोनवर कोड येणारी दुहेरी सुरक्षा लावा. "आम्ही जाहिरात देतो, सोबतची फाइल उघडा" असे मेल उघडू नका. पैसे देऊन सबस्क्रायबर घेऊ नका, ते खोटे असतात आणि चॅनल गोत्यात येतं. सिनेमाचं गाणं मागे लावू नका, जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात. 90 दिवसांत कॉपीराइटच्या तीन तक्रारी ग्राह्य झाल्या तर चॅनलच बंद होऊ शकतं.

आता एक गोष्ट सांगायची आहे जी मी आजवर बाहेर बोलले नाही. सासूबाईंची परवानगी घेतली आहे. त्या पहिल्या रांगेत बसल्यात.

सासूबाई जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात. काय तो धावदोरा, मशीनलाही जमणार नाही! एका दुपारी त्या खिडकीत बसून शिवत होत्या. मी म्हटलं, "आई, फोन लावलाय हं," आणि व्हिडिओ काढला. त्या आपल्या शिवत होत्या, माहेरच्या गोष्टी बोलत होत्या. मी तो टाकला. माझ्या चॅनलचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ तो. बाकी सगळ्या व्हिडिओंचं मिळून जेवढं यायचं, त्याच्या तिप्पट पैसे त्या महिन्यात त्या एकाने आणले. कमेंट चांगल्या होत्या, पण त्यात असंही लिहिलेलं होतं, की "या वयात म्हातारीला राबवतायत", "अंगावरचं पातळ बघा, सून नवं घेत नाही वाटतं." मी त्या वाचून सोडून दिल्या. सासूबाईंना कळलं ते एका लग्नात. कोणीतरी नातेवाईक बाईने फोन पुढे करून दाखवलं.

घरी आल्यावर त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर मी चांगलं पातळ नेसले असते."

फोन लावलाय हे सांगणं म्हणजे विचारणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. हे म्हणाले, कमेंट बंद कर, व्हिडिओ राहू दे. पण प्रश्न कमेंटचा नव्हता. मी त्या रात्री व्हिडिओ काढून टाकला. पुढच्या महिन्याची जाहिरातीची रक्कम चौथ्या हिश्श्यावर आली. मुलीच्या क्लासची फी भरायची होती, ती शिवण करून भरली. खोटं कशाला सांगू, काढून टाकताना हात थरथरला माझा. तीन-चार दिवस वाटत होतं, परत टाकावा.

वर्षभराने सासूबाईच म्हणाल्या, "गोधडीचं शिकव लोकांना, विसरतील नाहीतर. पण माझे फक्त हात दाखव." तसा केला. व्हिडिओत फक्त हात दिसतात, तरी त्या दिवशी त्या नवं पातळ नेसून बसल्या होत्या. तो व्हिडिओ पहिल्याइतका चालला नाही. पण माझ्या वर्गाला येणाऱ्या कितीतरी जणी तो बघून आलेल्या आहेत. सोसायटीतल्या मुलांनो, तुम्हीही खाली पटांगणात रील काढता. मागून जाणारे आजोबा, झोक्यावरची लहान मुलं फ्रेममध्ये येत असतील तर आधी विचारा.

शेवटी ताईंना आणि त्यांच्या मुलाला उत्तर. बाळा, कॅम्पसला बस. पगार एक तारखेला येतो. यूट्यूबचा आला तर 21 ते 26 तारखेच्या मध्ये येतो, तोही 100 डॉलर भरले असतील तर. नोकरी धर आणि दर रविवारी एक व्हिडिओ कर, दोन वर्षं. तुला जे येतं, त्यावर कर. दोन वर्षांनी तुझा आलेखच तुला सांगेल नोकरी सोडायची की नाही. आणि ताई, तुम्ही त्याला "रिकामटेकडे उद्योग" म्हणू नका. कॅमेऱ्यासमोर नीट बोलणं, व्हिडिओ कापणं-जोडणं, लोकांना काय हवंय ते ओळखणं, हे कुठल्याही नोकरीत उपयोगी पडतं. त्याच्या पहिल्या दहा व्हिडिओंना निम्मे व्ह्यूज तुमचेच असणार आहेत. ते द्या त्याला.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी रविवारी दुपारी चारनंतर आमच्याकडे यावं. फोन आणि एक वही घेऊन या, बाकी काही लागत नाही. चहा सासूबाई करतील, असं त्यांनीच सांगायला सांगितलंय.

 गणपती बाप्पा मोरया!