विजेचा मोंढा



भाव पडला तर कापूस चार दिवस घरात ठेवता येतो. विजेचे तसे नाही. बहुतेक वीज ज्या क्षणी तयार होते, त्याच क्षणी खपावी लागते. म्हणून तिचा घाऊक सौदा कसा करावा, हा देशोदेशी वादाचा प्रश्न झाला आहे.

एक रीत दीर्घ मुदतीच्या कराराची. वीज घ्या अथवा न घ्या, ठरलेला स्थिर आकार भरावयाचा. वापराल त्या विजेच्या इंधनाचे पैसे निराळे. आपल्या राज्य विद्युत मंडळाने 1993 साली दाभोळ प्रकल्पाशी असा करार केला. 1999 साली वीज आली. पण नाफ्था महागला, रुपया घसरला आणि दर असा चढला, की 2001 साली मंडळाने खरेदीच थांबविली.

दुसरी रीत रोजच्या लिलावाची. अमेरिकेतील टेक्सास राज्यात भिस्त हिच्यावर. तेथे विकल्या विजेचे पैसे मिळतात. वीजकेंद्र नुसते सज्ज ठेवल्याबद्दल वेगळा आकार नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये कडाक्याच्या थंडीत वीजकेंद्रे आणि वायूचा पुरवठा बंद पडला. घाऊक भाव युनिटला 9 डॉलर, म्हणजे साडेसहाशे रुपयांच्या घरात गेला, आणि लाखो घरे तरीही अंधारात राहिली.

करारात ओझे, लिलावात धोका! आपण मधली वाट धरली. बहुतेक वीज करारानेच घ्यावयाची; कमी-जास्तीसाठी 2008 पासून वीज एक्स्चेंज आहे. हा विजेचा मोंढाच म्हणा ना. मात्र मोंढ्यात ढिगागणिक भाव निराळा. येथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडतात. स्वस्त बोलीपासून वीज घेत जातात, आणि मागणी जेथे भागते तेथला भाव सर्वांना मिळतो. 2023 साली नेहमीच्या सौद्याला युनिटमागे 10 रुपयांची मर्यादा घातली गेली.

आता आपल्या कामाची गोष्ट. पूर्वी रात्री मागणी कमी, म्हणून पंपाची पाळी रात्री येई. विंचूकाट्याच्या भीतीत दारे धरावी लागत. सौर वीज वाढल्यापासून या मोंढ्यात भर दुपारी भाव उतरतो आणि दिवेलागणीनंतर चढतो. तेव्हा शेतीला दिवसा वीज देणे ही काही मेहेरबानी नव्हे, तो सरळ हिशेब आहे.

हे भाव रोज जाहीर होतात. गुरुजींनी एका दिवसाचा आलेख वर्गात काढून घ्यावा, आणि तोच कागद मुलांकरवी ग्रामसभेत मांडावा.