पावाचे यंत्र आणि तिंबणारे हात
(मंडळाच्या महिला शाखेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानांत आम्ही पावाचा विषय निवडला, तेव्हा काहींनी स्मित केले. पाव हा काही आपल्या नैवेद्याच्या पानातला पदार्थ नव्हे. परंतु ज्याचे नावच आपण पोर्तुगीजांकडून घेतले, ज्याचे पीठ गोव्याच्या पोदेरांनी माडीने फुगविले आणि ज्याला मुंबईच्या बेकऱ्यांनी उसळीशेजारी आणून बसविले, तो पदार्थ आता परका म्हणवत नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्याला तर त्याची उणीव श्रीखंडाहून अधिक भासते. श्रीखंड घरी करता येते. पाव मात्र घरी होत नसे. तो घरी करणारे यंत्र आता आपल्यापैकी काहींच्या स्वयंपाकघरांत आले आहे.

या यंत्राची जन्मकथा मोठी बोधक आहे. जपानमधील ओसाकाच्या मात्सुशिता इलेक्ट्रिक कंपनीचे तंत्रज्ञ १९८५ च्या सुमारास घरगुती पावयंत्राच्या मागे लागले होते. पीठ मळणे काही केल्या साधेना. पावाचे कवच करपे आणि आतला गर कच्चा राही. यंत्राने मळलेल्या आणि कसबी माणसाने मळलेल्या पिठाची क्ष-किरण छायाचित्रे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तरी उलगडा होईना. तेव्हा इकुको तानाका या संगणकप्रणाली तयार करणाऱ्या बाईंनी वेगळाच मार्ग सुचविला. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा पाव शहरात नावाजलेला होता. तेथील मुख्य भटारखानदाराच्या हाताखाली त्या स्वतः पीठ मळावयास शिकल्या. त्यांच्या ध्यानात आले की, तो मनुष्य पीठ नुसते दाबीत नाही, त्याला पीळ देत देत ओढतो. ही गोष्ट त्याने कोणास सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे हे त्यालाही ठाऊक नसावे. पुढे वर्षभर अभियंत्यांबरोबर खटपट करून भांड्याच्या आत उभ्या कडा बसविण्यात आल्या. त्यांना पीठ अडते आणि पाते फिरताना ताणले जाते. १९८७ साली यंत्र बाजारात आले. इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी ही हकीकत लिहिली, म्हणून ती आपणांपर्यंत पोहोचली.

ही हकीकत वाचताना आम्हांला पुरणपोळीची कणीक आठवली. तेलपाण्याचा हात लावीत, ओढीत, आपटीत ती तिंबावयाची, ती तार धरीपर्यंत! ओसाकाचा तो कारागीर जे करीत होता तेच हे. गव्हातील चिकट द्रव्याला ताण मिळाला की त्याचे जाळे विणले जाते. पोळीत ते पुरण सांभाळते आणि पावात यीस्टने सोडलेला वायू. आपण घर सोडून दूर आलो तेव्हा ही विद्या पत्रातून मागविली, आणि उत्तर काय आले? ‘पाणी बेताचे घालावे.’ लिहिणारीचा दोष नव्हता. तिचे माप तिच्या बोटांत होते. आज आपल्या मंडळातील ज्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे, त्यांच्याशेजारी तानाकाबाईंप्रमाणे परातीपाशी बसलेले आपल्यापैकी कितीजण आहेत?

यंत्रासही हे ‘बेताचे’ चुकलेले नाही. सोबतच्या पुस्तिकेतील मापे परदेशी पिठाची असतात. आपल्याकडे ४०० ग्रॅम मैद्याला सुमारे २५० मिलिलिटर पाण्यापासून आरंभ करावा. चमचाभर सुके यीस्ट, चमचाभर मीठ, दोन चमचे साखर आणि थोडे लोणी. मीठ यीस्टला चिकटून पडू देऊ नये. चक्कीवरच्या कणकेला पाणी अधिक लागते, कारण दळताना तिच्यातील पिष्टकण दुखावतात आणि कोंडाही पाणी पितो. हाच कोंडा ते जाळे तोडतो, म्हणून निव्वळ कणकेचा पाव बसका होतो. निम्मा मैदा घ्यावा, हे आमचे मत. आरोग्यवाद्यांनी क्षमा करावी.

यंत्र सुरू होऊन दहा मिनिटे झाली की झाकण उघडून गोळ्याला बोट लावावे. मळणे चालू असताना असे उघडल्याने काही बिघडत नाही. फुगताना आणि भाजताना मात्र झाकणाला हात लावू नये. गोळा कडा सोडून फिरत असेल आणि बोटाला किंचित चिकटून सुटत असेल, तर जमले. खडखड आवाज करीत आपटत असेल तर चमचाभर पाणी; भांड्याला लिंपून बसला असेल तर चमचाभर पीठ. ज्यांनी आयुष्यभर पोळ्या लाटल्या आहेत, त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

वैशाख-ज्येष्ठात पाणी फ्रीजमधले घ्यावे, नाहीतर पीठ वेळेआधी फुगून खाली बसते. वीज जाण्याचा भरवसा असेल तेथे यंत्राकडून केवळ पीठ मळून घ्यावे आणि पाव गॅसवर, जाड बुडाच्या झाकणबंद भांड्यात भाजावा. पावाच्या तळाशी पात्याचे भोक राहते, त्याला इलाज नाही. पाव निवल्यावाचून कापू नये. आतली वाफ अजून काम करीत असते.

मागील टेबलावरचे यंत्र आमचे भाषण सुरू होताना लावले होते. गोळा आता तयार झाला असेल. झाकण उघडतो, ज्येष्ठ भगिनींनी प्रथम पुढे यावे, बोट लावून पाहावे, आणि काय कमी वाटते ते मोठ्याने सांगावे. वही-पेन्सिल घेऊन दोघी मुली तेथे बसल्या आहेत.